बिनखुणेचा चोर

तळ्यातला मासा कुणी खाल्ला हे ओळखायचं तर आधी पाण्याकडे बघायचंच नाही, काठाकडे बघायचं, असं तो म्हणायचा. पाणी घुमं. वरून मिटून घेतं आणि पोटातलं सांगत नाही. काठ मात्र चहाडखोर. आसपासच्या तळ्यांवर कुणाचे मासे कमी झाले की ह्याला बोलावणं जायचं. हा यायचा, विजार गुडघ्यावर दुमडायचा, हात पाठीशी बांधायचा आणि सगळ्या काठानं सावकाश एक फेरी मारायचा. मागून तळ्याचा मालक, मालकाच्या मागून त्याची माणसं, असं लांबलचक शेपूट. फेरी संपली की निकाल. म्हणून त्याला सगळे पंच म्हणत. खरं नाव त्याला स्वतःलाही सही करायच्या वेळीच आठवायचं.

निकाल असे की त्यावर अपील नाही. मेलेला मासा उताणा-पालथा करून तो म्हणायचा, ‘‘पाठीत भोक पडलंय, बाकी मास जसंच्या तसं. बगळा. चोचीतून सुटलाय बिचाऱ्याच्या. तुम्ही काठ उथळ ठेवलाय, म्हणजे त्याला उभं राहायला अंगणच करून दिलंय की! खणा खोल. पाय टेकेनासे झाले की जाईल पाहुणा दुसरीकडे.’’ कुठं खुंटांवर चुना शिंपडल्यासारखी शीट दिसली की, ‘‘हे पाणकावळे. हे एकटे येत नाहीत, वऱ्हाड घेऊन येतात. पाण्यावर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणा, उडताना पंख अडकायला लागले की कंटाळतील.’’ नखाएवढी पिल्लं जात असली तर पाण्यातले किडे. त्यावर तेल आणि साबणाच्या पाण्याचा थर, म्हणजे श्वास घ्यायला वर आले की संपले. साप दिसला तर मारू द्यायचा नाही. ‘‘तो चार खाऊन झोपतो. माणसासारखा साठवून ठेवत नाही.’’

दोन भावांची गोष्ट तर तो हमखास सांगायचा. एका तळ्याचे दोघं भागीदार. मासे घटायला लागले आणि थोरल्यानं धाकट्याची गचांडी धरली. पंचानं फेरी मारली, गवतातून एका जागी नेऊन दोघांना वाकवलं. तिथं खवल्यांनी भरलेल्या विष्ठेचा ढीग, शेजारी दोन माशांची मुंडकी. ‘‘हा बघ तुझा धाकटा भाऊ,’’ तो थोरल्याला म्हणाला. ‘‘पाणमांजर आहे. रोज इथंच येऊन बसतं, जागा सोडत नाही. कुंपणाची जाळी जमिनीत हातभर गाड आणि भावाच्या पाया पड.’’ थोरला खरंच पडला होता म्हणतात.

तर असा हा पंच, बाईंच्या तळ्यांवर कामाला होता. बाई म्हणजे मालकीण. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला रुमाल, बोलणं कमी. बाईंच्या सगळ्या तळ्यांत पिल्लांचं तळं सगळ्यात लहान आणि सगळ्यात लाडकं. बोटभर लांबीची पिल्लं, तळेवाले त्यांना बोटुकली म्हणतात, ती आधी तिथं वाढवायची आणि दांडगी झाली की मोठ्या तळ्यांत सोडायची. त्या तळ्याच्या काठाला पत्र्याची खोली, आणि खोलीत रात्रीच्या राखणीला पंचाच्या बायकोचा मामा.

मामा म्हणजे नुसता मामा नव्हे. बायकोचा बाप ती रांगत असतानाच गेला, तेव्हापासून तिला खांद्यावर घेऊन वाढवणारा हाच. त्यानं स्वतःचा संसार केलाच नाही. म्हातारपणी भाचीनंच नवऱ्याच्या मागे लागून त्याला बाईंकडे राखणीला लावलं होतं. मामाची सगळी इस्टेट त्या पत्र्याखाली : एक वळकटी, एक विजेरी, एक आरसा फुटका. पंचाला तो तोंडभरून ‘जावईबापू’ म्हणायचा, आणि पंच पिल्लांना खाद्य टाकायला लागला की म्हणायचा, ‘‘जावईबापू, हात आखडता घ्या, त्यांचं पोट तुमच्याएवढं नाही.’’

एका हंगामात त्या तळ्यातली बोटुकली घटायला लागली. आधी खाद्याच्या परातीत खाद्य उरायला लागलं. मग वाढ बघायला जाळं टाकलं तर जाळ्यात आलं शेवाळ, एक बेडूक आणि मूठभर पिल्लं. बाई स्वतः काठावर आल्या. जाळं ओढणारे, ट्रॅक्टरवाला, खाद्याच्या गोण्या उतरवणारे, सगळे कामं टाकून जमले.

‘‘पंच, कोण?’’ बाईंनी विचारलं.

पंचानं फेरी मारली. पहिल्या फेरीत काही सापडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं दुसरी मारली. पाऊल नाही, खवला नाही, शीट नाही. वरच्या दोऱ्या ताठ, कुंपणाची जाळी शाबूत, गवत उभंच्या उभं. लोक वाट बघत होते. त्याला उन्हात घाम फुटला. ‘मला कळत नाही’ हे तीन शब्द म्हटले असते तर काय झालं असतं? काही नाही. दोघं-चौघं हसले असते. पण हे शब्द त्याच्या जिभेला कधी शिवलेलेच नव्हते. तो घसा खाकरून म्हणाला,

‘‘हे चोचीचं काम नाही, बाई. दाताचंही नाही. हे हाताचं काम आहे.’’

नाव त्यानं घेतलं नाही. पुढं कितीतरी दिवस तो स्वतःला हेच बजावत राहिला, की नाव मी घेतलं नाही. पण रात्री त्या तळ्यावर असणारे हात किती जणांचे? सगळ्यांच्या माना एकदम पत्र्याच्या खोलीकडे वळल्या. मामा दारात उभा होता, सदऱ्याच्या टोकानं विजेरीची काच पुसत. तो पुसायचा थांबला.

‘‘जावईबापू,’’ तो म्हणाला, ‘‘नीट बघितलंत ना?’’

‘‘मामा, माझं काम मला शिकवू नका.’’

 बाईंनीही त्याला अडवलं नाही. मामानं वळकटी बांधली, आरसा वळकटीत सरकवला, विजेरी बाईंच्या हातात दिली, आणि बांधावरून चालायला लागला. गोण्यावाल्यांपैकी कुणीतरी मागून म्हणालं, ‘‘म्हातारा ताजे मासे खाऊनच तर एवढा टिकलाय!’’ आणि लोक हसले. पंचही हसला. सगळे हसले म्हणून हसला, पण हसला.

घरी बायकोपर्यंत हे त्याच्याआधी पोचलं होतं. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त बोलायची थांबली. ताट वाढायची, ते त्याच्यासमोर न ठेवता ओट्याच्या कडेला ठेवायची. एकदाच म्हणाली, पाठमोरी, ‘‘मामानं मला उपाशी ठेवून कधी स्वतः घास घेतला नाही. तो दुसऱ्याच्या तळ्यातून उचलेल?’’

‘‘मी कुठं त्याचं नाव घेतलं?’’

‘‘घ्यायला हवं होतंत. निदान तोंडावर तरी झालं असतं.’’

बाईंनी नवीन बोटुकली आणून सोडली. राखणीला ट्रॅक्टरवाल्याला झोपवलं. तो घोरायचा एवढा की बगळेही फिरकले नसते. आणि तरी परातीत खाद्य उरायला लागलं.

 तेव्हापासून भर दुपारी सगळे जेवायला गेले की पंच एकटाच पिल्लांच्या तळ्यावर येऊन बसायला लागला. काठाकडे बघायची सोय उरली नव्हती, म्हणून नाइलाजानं पाण्याकडे बघत. आणि एका दुपारी समोरच्या पाणगवतात पाणी फुगलं, ‘गुडूप’ असा आवाज झाला, एक बुडबुडा वर येऊन फुटला. थोड्या वेळानं तिथंच पुन्हा. बोटुकली असा आवाज करत नाहीत. कुणीतरी हवा गिळायला वर येत होतं.

त्यानं गळाला बेडकाचं पिल्लू अडकवून गवताशी सोडलं. दोरी अशी खेचली गेली की बोट कापलं. बाहेर आली ती मरळ. काळी, लांबोडी, सापासारख्या डोक्याची, त्याच्या कोपरापर्यंतच्या हाताएवढी. ही मासे-बेडूक खाऊन जगते, पिल्लं सबंध गिळते, हाड नाही की खवला नाही. काठावर खूण कशी असणार? चोर काठावर कधी आलाच नव्हता. तो आत राहायलाच आला होता.

आणि आत आला कसा, हे पंचाला मासा हातात तडफडत असतानाच आठवलं. कालव्याचं पाणी तळ्यात घ्यायच्या तोंडाशी बारीक जाळी बसवलेली असते, ती खास ह्याच पाहुण्यांसाठी. हंगामाच्या सुरुवातीला तळं भरताना ती जाळी काडीकचऱ्यानं बुजली होती. पाणी थेंबथेंब येत होतं, कालव्याच्या पाण्याची पाळी संपत आली होती, आणि दर थोड्या वेळानं कंबरभर पाण्यात उतरून जाळी घासायचा त्याला कंटाळा आला होता. त्यानं ती उचलून बांधावर ठेवली. पाणी धो धो आलं. तो झाडाखाली जाऊन आडवा झाला. तळं भरल्यावर जाळी पुन्हा जागच्या जागी बसवली, आणि विसरला.

आता हे बाईंना सांगायचं, एवढंच काम होतं. उठून बाईंपर्यंत जायचं आणि सांगायचं. तो उठलाही. मग त्यानं मरळ गोणीत गुंडाळली आणि सायकलला अडकवली. आपणच सगळ्या मरळी गुपचूप काढून टाकू, त्यानं ठरवलं. पिल्लं वाढायला लागतील, लोक विसरतील. मग मामाला बोलावून घेता येईल, काहीतरी सांगून. ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे ठरवायचं त्यानं पुढं ढकललं.

रोज दुपारी तो गळ टाकायचा. कधी एक लागायची, कधी काहीच नाही. पण गवतातला गुडूप काही थांबत नव्हता. पहिल्या काही मरळी त्यानं कालव्यापलीकडे नेऊन पुरल्या. खड्डा खणताना आजूबाजूला बघायचा, जणू माणूस पुरतोय. मग एके दिवशी पलीकडे गवत कापणारे बसलेले दिसले, तसा तो गोणी घेऊन सरळ घरी आला.

‘‘कुठला मासा?’’ बायकोनं विचारलं. बऱ्याच दिवसांनी तिनं त्याला प्रश्न विचारला होता, त्याचाच त्याला आनंद झाला.

‘‘कालव्यातला. मिळाला एका ओळखीच्याकडून.’’

तिनं विळी घेतली, पाटावर बसली. पंच दारात चपला काढत होता. मासा चिरण्याचा आवाज मध्येच थांबला तेव्हा त्यानं मान वर केली. तिनं मरळीचं पोट उघडलं होतं आणि आत बघत होती. मग तिनं पोटातलं जे होतं ते बोटानं एका ताटलीत ओढलं आणि ताटली जमिनीवरून त्याच्याकडे सरकवली. चार-पाच बोटुकली. एक अजून चकचकीत, नुकतंच गिळलेलं. डोळासुद्धा शाबूत.

‘‘कालव्यात ही पिल्लं कोण सोडतं हो?’’ तिनं विचारलं.

त्यानं हातातली चप्पल खाली ठेवली.

‘‘किती दिवस काढताय?’’

‘‘झाले काही.’’

‘‘आणि मामा तिकडे कुणाच्या गोदामात रिकाम्या बाटल्या निवडतोय.’’ ती उठली, हात धुतले. मासा तसाच अर्धवट विळीपाशी. ‘‘मी वाट बघतेय. तुम्ही सांगाल म्हणून. उद्या दुपारपर्यंत बघीन, मग मी ही ताटली घेऊन बाईंकडे जाईन.’’

दुसऱ्या दिवशी तो बाईंसमोर उभा राहिला. रस्ताभर त्यानं वाक्य घोटलं होतं : बाई, जाळी मी काढली. पण बाई बुटातला चिखल काठीनं खरवडत होत्या, ट्रॅक्टरवाला चहा पीत शेजारीच उभा होता, आणि त्याच्या तोंडून निघालं ते असं : ‘‘बाई, तळ्यात मरळ शिरलीय. पाण्याच्या तोंडाची जाळी मध्ये कधीतरी निघाली असावी.’’

‘‘निघाली असावी?’’ बाईंनी मान वर केली.

‘‘पाण्याच्या जोरानं.’’

बाई त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘तळं उपसा. आणि मामांना घेऊन या.’’

तळं उपसलं. पाणी गेलं तरी मरळी गेल्या नव्हत्या. त्या ओल्या चिखलात घुसून बसतात आणि नुसत्या हवेवर तग धरतात. लोकांनी कुदळी आणि हातांनी चिखल उलथापालथा करून एकेक बाहेर काढली. कुणी ‘सापडला चोर!’ म्हणून ओरडलं की पंच मान खाली घालून आणखी जोरानं चिखल उपसायचा. ‘‘काय पंच, ह्याला हात कुठंयत?’’ एकानं मरळ उंच धरून विचारलं. मग तळ उन्हात तडकेपर्यंत वाळू दिला, वर चुना टाकला. ही सगळी कामं पंचानं पुढं होऊन केली, सगळ्यांपेक्षा जास्त केली, चुन्यानं हाताची सालं निघाली. तरी बरं काही वाटलं नाही.

मामा गावाच्या दुसऱ्या टोकाला एका गोदामात रिकाम्या बाटल्या निवडायला बसायचा. हिरव्या एकीकडे, पांढऱ्या एकीकडे, फुटक्या टबात. पंच दारात जाऊन उभा राहिला. मामानं वर बघितलं.

‘‘या पंच,’’ तो म्हणाला.

जावईबापू नाही. पंच. सगळं जग त्याला पंच म्हणायचं आणि त्याला कधी काही लागलं नव्हतं.

‘‘मामा, मरळ निघाली. तुमचा काही दोष नव्हता. बाईंनी बोलावलंय. जाळी निघाली होती...’’

‘‘निघाली होती?’’ मामानं एक बाटली उजेडात धरून बघितली. ‘‘मी बांधावर होतो त्या दिवशी. तुम्ही जाळी उचलून ठेवलीत, झाडाखाली आडवे झालात. मी बघितलं.’’

पंचाला बसायला काही सापडेना. तो एका उलट्या खोक्यावर बसला. ‘‘मग त्या दिवशी, सगळ्यांसमोर... बोलला का नाहीत?’’

‘‘विचारलं की. नीट बघितलंत ना, असं विचारलं.’’ बाटली पांढऱ्यांत गेली. ‘‘मला वाटलं आठवेल तुम्हाला. आणि मी बोललो असतो तर लोक काय म्हणाले असते? म्हातारा अंगाशी आलं म्हणून जावयावर ढकलतोय.’’

गोदामात काचांचा किणकिणाट चालू होता. पंच म्हणाला, ‘‘मी काढली, मामा. जाळी मीच काढली. मी बाईंना सांगतो. चला तुम्ही.’’

‘‘बाईंचं मागाहून बघू. बाईंनी मला काही म्हटलं नाही. म्हणतात ते बाजारात. मी तिथं बर्फ भरायचं काम मागायला गेलो होतो, बर्फवाल्यानं माझ्या पिशवीत डोकावून बघितलं. मासळीवालीनं टोपली माझ्यापासून बाजूला ओढली. चाळीस वर्षं ओळखते ती मला.’’ तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. ‘‘तिथं जाऊन सांगा. एकेकाला. मी मागं असेन. ऐकणार मी.’’

मामा मागाहून म्हणाला होता, तरी आधी ट्रॅक्टरवाल्यासमोर बाईंना खरं सांगून मग पंच बाजारात गेला. एका टबात पाणी घालून, तळं उपसताना राखून ठेवलेली एक जिवंत मरळ घेतली होती, नाहीतर लोकांचा विश्वास बसला नसता. मामा चार पावलं मागून, हात पाठीशी बांधून.

लिलाववाला भर गर्दीत खोक्यावर उभा राहून ओरडत होता. पंचानं त्याला थांबवलं. ‘‘बाईंच्या तळ्यातली पिल्लं मामानं नेली नव्हती. हिनं खाल्ली. आमच्याकडून जाळी राहिली...’’

मागून मामा खोकला.

‘‘जाळी मी काढली होती. कंटाळा आला म्हणून. आणि आळ मामावर गेला तो माझ्यामुळं.’’

लिलाववाला टबात डोकावला. ‘‘वा पंच! आज स्वतःचाच निकाल? काय बोली लावू ह्याच्यावर?’’ आजूबाजूचे खो खो हसले. पंचाचे कान तापले. तो टब उचलून पुढच्याकडे गेला.

बर्फवाला मामाकडे न बघता म्हणाला, ‘‘आम्हाला काय, कानावर आलं ते आम्ही ऐकलं.’’ मासळीवाली मात्र चिडली, आणि चिडली ती पंचावर. ‘‘आता सांगतोस होय रे? मी ह्या माणसासमोरून टोपली ओढली! ते मी कसं परत करू? तू माफी मागणारेस का माझ्या वतीनं?’’ तिनं मामाला पाट सरकवला. मामा बसला नाही. ‘‘असू दे गं,’’ म्हणाला, पण बसला नाही.

प्रत्येक ठिकाणी सांगताना पंचाला वाटायचं आता थोडं हलकं वाटेल. वाटत नव्हतं. उलट लक्षात येत होतं की गोष्ट किती लांबवर गेलीय. जाळी विणणारा म्हणाला, माझ्या मेहुण्यानं सांगितलं. मेहुणा पलीकडच्या गावात. मासळी तोलायचा काटा धरणारा म्हणाला, मी तर ऐकलं होतं की म्हाताऱ्यानं अख्खं तळं विकलं. त्याला नीट सांगावं लागलं, दोनदा. तरी जाताना तो शेजाऱ्याला विचारताना ऐकू आलं, ‘‘काहीतरी असल्याशिवाय बोलतील का लोक?’’

बाजाराच्या टोकाला गळ आणि दोऱ्या विकणारा एक नवीन दुकानदार होता, तरणा, बाहेरून आलेला. पंच टब घेऊन त्याच्याकडे वळला, घसा खाकरला.

‘‘इथं नका सांगू,’’ मामा मागून म्हणाला.

पंच थांबला.

‘‘ह्याला माहीत नाही अजून. तुम्ही सांगितलंत की कळेल.’’

मामा त्याला ओलांडून पुढं गेला. दुकानदारानं हसून स्टूल पुढं केलं, ‘‘या काका, बसा, काय दाखवू?’’ आणि मामा बसला. दोरीची गुंडी हातात घेऊन तिचा पीळ बोटांनी तपासत, भाव विचारत, इकडचं-तिकडचं बोलत राहिला. दुकानदारानं गळांची पेटी त्याच्या हाताशी तशीच उघडी सोडली आणि आत सुटे आणायला गेला.

पंच बाहेर उन्हात टब धरून उभा राहिला. आत यायला त्याला कुणी म्हटलं नव्हतं. टबात मरळ वर आली, तोंड उघडून हवा गिळली आणि पुन्हा तळाशी जाऊन बसली.